एक खुर्ची द्याल का?

ते पहिल्यांदा आमच्या दाराशी आले तेव्हा मी दारामागे उभा होतो. उभा होतो हे आपलं सभ्य भाषेत. खरं म्हणजे लपलो होतो.

पोलाद कारखान्याच्या नंदिनी गावच्या खाणीच्या ऑफिसातून माझी भिलाईला बदली झाली होती. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळून आठवडाही झाला नव्हता, आणि तेवढ्यात गणपतीवाले, दुर्गापूजावाले, देवीच्या जगरातेवाले आणि व्हॉलीबॉल स्पर्धावाले वर्गणी घेऊन गेले होते. त्यामुळे खिडकीतून पांढरा पायजमा, खांद्यावरचा गमछा आणि हातातली सायकल दिसताच मी ओळखलं. बायकोला खूण केली आणि दारामागे झालो.

"ते घरी नाहीत," बायकोनं दार उघडून सांगितलं.

"नसू द्या ना," बाहेरून आवाज आला. आवाज असा की मागच्या ब्लॉकमधल्या कोणीतरी 'काय झालं' म्हणून खिडकी उघडली. "माणूस नसला तरी चालन, बाई. खुर्ची हाय का घरी?"

बायको गोंधळली. खुर्चीसाठी काय थाप मारायची हे आमचं ठरलेलं नव्हतं. "आहे," ती म्हणाली.

"एक द्याल का? दिवे लागायच्या आत परत भेटन. आन् त्या दारामागच्या भाऊले सांगा, लपाचं असन तं पलंगावर चढून लपत जा. दाराखालून पाय दिसून राहिले."

आमच्या घरात तेव्हा दोनच खुर्च्या होत्या. एक तीन पायांची, भिंतीला टेकवलेली. दुसरी माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली, हात असलेली, वेतानं विणलेली सागवानी खुर्ची. बायकोनं घाईत तीच दिली. त्यांनी ती सायकलच्या कॅरियरवर उलटी टाकली, गमछ्यानं बांधली आणि निघून गेले. नाव विचारलं नाही, सांगितलंही नाही.

"कोण होते ते?" बायकोनं विचारलं.

"मले काय माहीत? मी दारामागं होतो."

"मंग माह्या बाबाची खुर्ची मी कोणाले देल्ली?"

चार वाजता मी खुर्चीच्या शोधात निघालो. कोणाला काय विचारायचं हेही कळेना. शेवटी एका पानठेल्यावर चाचरत म्हटलं, "भैया, इधर कोई सायकिल पे खुर्ची ले जाते हुए..." वाक्य पूर्ण व्हायच्या आत ठेल्यावरच्या चारही माणसांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. "अध्यक्षजी के यहाँ."

पेरूच्या झाडाखाली अंगणात खुर्च्यांचं गोल रिंगण होतं. लोखंडी घडीची, प्लास्टिकची, डॉक्टरच्या दवाखान्यात असते तशी फिरती, बंगाल्याकडचा वेताचा बुटका मोढा, सुतळीची एक छोटी बाज. दोन खुर्च्या एकासारख्या एक नव्हत्या. प्रत्येकीवर तिचा मालक बसला होता. माझी तेवढी रिकामी होती.

"बसा," ते म्हणाले, "तुमचीच हाय."

मी बसलो ते खुर्चीची राखण करायला. उठलो तेव्हा एका राजकीय पक्षाचा प्राथमिक सदस्य झालो होतो.

पक्षाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही विचाराल, 'तो अजून आहे?' हा प्रश्न मी फार ऐकला आहे. निवडणुकीत आमचा उमेदवार उभा राही, आणि तो उभाच राही. पण आमच्या वॉर्डाची शाखा होती, शाखेला अध्यक्ष होते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला मासिक सभा होती. पहिली पाळी सुटून, जेवून, एक झोप काढून माणसं तेव्हा उठलेली असतात, आणि रविवारी चारला माणसाला बायको काहीतरी काम सांगतेच, तेव्हा तो बाहेर पडायला निमित्त शोधत असतो, हा अध्यक्षांचा अभ्यास.

त्यांचा जन्म भंडाऱ्याकडचा, धानाच्या शेतकऱ्याच्या घरातला. उमेदीची वर्षं इथल्या रोलिंग मिलमध्ये गेली. तिथल्या आवाजात आयुष्यभर बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं हा प्रकारच माहीत नव्हता. निवडणुकीच्या वेळी ते मला बाजूला घेऊन, कानाशी तोंड आणून पक्षाची गुप्त रणनीती सांगत आणि संध्याकाळी विरोधी पक्षाचा माणूस मला रस्त्यात थांबवून म्हणे, "भाईसाहब, वो तीसरा पॉइंट अच्छा था."

त्यांना सगळे अध्यक्षजी म्हणत. त्यांची बायकोही. आम्ही तिला काकू म्हणत असू, आणि आमच्या शाखेत विरोधी पक्षाची कमतरता होती ती काकू भरून काढत.

अध्यक्षांचं राजकारण एका ओळीचं होतं: लोकांना काही द्यायचं नाही, लोकांकडे मागायचं.

"बाकीचे पक्ष साड्या वाटते, कुकर वाटते," ते म्हणत. "माणूस कुकर घेते आन् आतून विचार करते, हा मले कावून देऊन राहिला? याच्या मनात काय हाय? देणाऱ्यावर माणूस संशय घेते, भाऊ. मागणाऱ्यावर कोणी घेत नाही. आन् ज्यानं घेतलं तो तुमाले पाहून गल्ली बदलते. ज्यानं देल्लं, तो येते."

"कावून येते?"

"आपली वस्तू पाहाले."

वर्गणी मात्र त्यांनी कधी मागितली नाही. "पैसा देल्ला की माणूस सुटला," म्हणत. "वस्तू देल्ली की अडकला."

हा विचार त्यांनी घरात इतका अमलात आणला होता की त्यांच्या घरी गेल्यावर पाणी शेजारच्या नायडूंच्या तांब्यात मिळे, चहा दासबाबूंच्या कपात येई आणि तो गाळलेला असे वर्माबाईंच्या गाळणीनं. भिंतीवरचं घड्याळ साहूजींचं. इस्त्री कोणाची हे त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं. कोणी मागायला आलं की कळेल म्हणत. वस्तू परत करायलाही ते स्वतः जात, आणि परत करताना दुसरी काहीतरी मागून आणत, म्हणजे दार बंद होत नसे. काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात आमचं म्हणाल तं आमचं फक्त लगीन हाय. बाकी सगळं लोकायचं."

आतल्या खोलीतून अध्यक्ष ओरडले, "त्याचा बी पुरोहित मागून आणला होता."

त्यांचा सर्वांत मोठा राजकीय विजय शिडीचा. निवडणुकीच्या दिवसांत आम्हाला चौकातल्या खांबावर फलक बांधायचा होता आणि शिडी होती एकाच माणसाकडे: सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराच्या साडूकडे. मी म्हटलं, कुम्हारीहून माझ्या मेव्हण्याची शिडी आणतो. "कावून? गावात शिडी असताना हायवेनं शिडी आणाची?" असं म्हणून ते साडूकडे गेले. त्यानं दिली. का दिली हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण देऊन बसल्यावर त्याला चैन पडेना, म्हणून तो शिडीच्या मागोमाग चौकात आला. फलक बांधायला अध्यक्ष वर चढले, शिडी डुगडुगली, आणि आपली शिडी मोडू नये म्हणून त्यानं ती खालून दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्या अवस्थेत, आमच्या फलकाखाली, त्याचा फोटो निघाला. काढणारा मी नव्हतो. मीही काढला होता, पण माझ्यात फक्त माझा अंगठा आला.

तिसऱ्या की चौथ्या सभेत मी सचिव झालो. आधीचे सचिव निवृत्त होऊन केरळात गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं स्टूलही गेलं. अध्यक्षांना स्टुलाचं जास्त वाईट वाटलं.

सभेत ते स्वतः कधी बसत नसत. पेरूच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहत. खुर्चीत बसलं की माणूस उत्तरं द्यायला लागते, उभं राहिलं की प्रश्न विचारते, असं त्यांचं म्हणणं. क्रमही ठरलेला होता: आधी जगाचं, मग नालीचं. म्हणजे पहिला ठराव कुठल्या तरी दूरदेशीच्या लढाईचा निषेध, आणि शेवटचा ब्लॉकच्या मागच्या तुंबलेल्या नालीबद्दल. "नालीचं आधी घेतलं तं मंग जगासाठी कोणी थांबन का?" ते विचारत. बरोबर होतं. नालीसाठी माणसं पूर्ण जगाचं ऐकून घेत.

ठराव लिहून पाठवायचं काम माझं. माझ्या पहिल्याच महिन्यात मी दोन्ही पाकिटं तयार केली आणि आतले कागद अदलाबदल केले. नालीचा ठराव दिल्लीला पक्षाच्या मुख्य कार्यालयात गेला आणि युद्धाचा निषेध नगरपालिकेत. दिल्लीहून काही आलं नाही. नगरपालिकेकडून मात्र छान टंकलिखित उत्तर आलं की आपली तक्रार प्राप्त झाली असून 'स्थल निरीक्षण कर उचित कार्यवाही की जाएगी'.

मी तोंड लपवत ते पत्र घेऊन गेलो. अध्यक्षांनी ते सभेत मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं म्हणजे त्यांच्या मापानं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं," ते म्हणाले. "सचिव, तू असाच चुकत जाय."

पुढं मी तो सल्ला पाळला.

आता मुख्य चूक. ती मी चांगल्या हेतूनं केली. माझ्या सगळ्या मोठ्या चुका चांगल्या हेतूनं झालेल्या आहेत.

एक दिवस दुर्गच्या जिल्हा कार्यालयातून पत्र आलं. ज्या शाखा नुसत्या कागदावर आहेत त्या शेजारच्या शाखांमध्ये विलीन करायच्या, आणि कोणती कागदावर आहे हे पाहायला रायपूरहून एक पर्यवेक्षक पुढच्या मासिक सभेला येणार. माणसं दिसली नाहीत तर शाखा बंद. आमची शेजारची शाखा म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडची. तिथल्या अध्यक्षाकडे हॉल होता, माईक होता, पंखे होते.

पत्र वाचून अध्यक्ष बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या घरात शांतता म्हणजे काय असते ते मी पहिल्यांदा ऐकलं. काकूही स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"तिथं गेलो तं काय झालं?" मी समजूत घालायला म्हटलं. "सभा तं तिथंबी होईन."

"तिथं माईक हाय," ते म्हणाले. "माईक असला की एक जण बोलते आन् बाकीचे मोबाईल पाहाते. मंग खुर्ची मागाले मी कोणाच्या दारावर जाऊ? तिथं हॉलच्या खुर्च्या हाय, बापा. नटबोल्टनं ठोकलेल्या."

मिल सुटल्यापासून त्या माणसाचा महिना या एका रविवारभोवती फिरत होता. आदल्या दिवसापासून सायकलची हवा पाहायची, सकाळी घरोघर जायचं, प्रत्येक दारात थांबून कोणाच्या मुलाचं ॲप्रेंटिसचं काय झालं, कोणाची आई कशी आहे हे विचारत एकेक खुर्ची गोळा करायची, आणि संध्याकाळी एकेक पोचवताना पुन्हा तेच. सभा मधल्या वेळात होत असे. हे काढून घेतलं तर त्यांच्याकडे उरला असता तो फक्त पेरू.

आणि नेमकं त्या आठवड्यात त्यांना नागपूरला मुलाकडे जावं लागलं. काकूंच्या गुडघ्याचा डॉक्टर. रविवारी दुपारपर्यंत येतो म्हणाले. जाताना मला म्हणाले, "सचिव, खुर्च्यायचं तुह्याकडं."

मी शाखा वाचवायचीच असं ठरवलं. आणि विचार केला की रायपूरचा माणूस येणार, त्याच्यापुढे मोढा आणि सुतळीची बाज काय दाखवायची? पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून टेंट हाऊसच्या भाड्याच्या खुर्च्या मागवल्या. पांढऱ्या कव्हरच्या, पाठीला जांभळ्या रिबिनीची गाठ असलेल्या. गालिचा टाकला. फलक छापून आणला. आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर सुरेख निरोप टाकला: 'या वेळी खुर्ची देण्याचा त्रास घेऊ नये. संपूर्ण व्यवस्था झालेली आहे. फक्त यावे.' हा निरोप मी हिंदीतही टाकला, म्हणजे कोणी सुटू नये.

कोणीही सुटलं नाही.

चार वाजता अंगणात मी होतो आणि ओळीत मांडलेल्या त्या खुर्च्या होत्या. एखाद्या लग्नात मुलाकडचे रुसून गेल्यावर दिसतं तसं दृश्य होतं. सव्वाचारला अध्यक्ष रिक्षातून उतरले, काकूंना हात देऊन उतरवलं, अंगणाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाचं लगीन हाय?"

मी सांगितलं. ते ऐकत गेले. निरोपाचं ऐकलं तेव्हा त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं.

तेवढ्यात फाटकासमोरून नायडू चालले होते. हातात भाजीची पिशवी. मी धावत गेलो. "नायडूजी, आइये ना, मीटिंग है."

"हाँ हाँ, मालूम है," नायडू थांबून म्हणाले. "आपका मैसेज आया था. सब व्यवस्था हो गई बोले, तो हमने सोचा इस बार हमारी ज़रूरत नहीं है." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. थोडा राग होता. त्यांची घडीची खुर्ची त्यांच्या व्हरांड्यात मला दिसत होती. बहुधा सकाळीच पुसून ठेवलेली.

मी मान खाली घालून परतलो. अध्यक्ष म्हणाले, "पाह्यलं? तू लोकायले आराम देल्ला. आराम भेटला की लोक घरी राहाते."

त्याच क्षणी पर्यवेक्षकांची गाडी आली. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा कुडता, हातात स्टीलचा मोठा थर्मास. कुम्हारीच्या जाममध्ये अडकून आधीच वैतागलेले. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लोग?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होतो. ते किती वाईट झालं असतं कोणास ठाऊक, कारण माझ्या डोक्यात 'सब शिफ्ट में हैं' असं वाक्य तयार होतं आणि त्यांच्या मागून चौघं जण पतंग उडवत जात होते. पण अध्यक्ष पुढे झाले.

"लोग आएँगे. लेकिन साहब, खुर्ची कम पड़ेंगी. ज़रा साथ चलते क्या?"

पर्यवेक्षकांनी त्या पांढऱ्या, रिबिनी लावलेल्या फौजेकडे पुन्हा पाहिलं. "कम पड़ेंगी?"

"बहुत कम," अध्यक्ष म्हणाले आणि निघालेही. माणूस चालायला लागला की दुसरा आपोआप मागून जातो. पर्यवेक्षक गेले, त्यांच्या मागून मी.

पहिलं दार नायडूंचं. अध्यक्षांनी बेल वाजवली नाही, कडी वाजवली.

"नायडू, एक खुर्ची देता क्या? रायपूर से साहब आए हैं, बैठने को जगह नहीं है."

नायडूंनी माझ्याकडे पाहिलं, दूरवर दिसणाऱ्या जांभळ्या रिबिनींकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "देखो, हम तो पहले ही बोले," ते म्हणाले, जे ते अजिबात बोलले नव्हते. वळले आणि व्हरांड्यातली घडीची खुर्ची काखेत मारून निघाले.

पुढचं दार साहूजींचं. तिथून सुतळीची बाज निघाली. ती एकट्याला उचलणारी नव्हती. "साहब, ज़रा उधर का टोक पकड़ो," अध्यक्ष म्हणाले. रायपूरच्या साहेबांना टोक म्हणजे काय कळलं नसावं, पण बाजेचं एक टोक त्यांच्या हातात आलं. थर्मास अडचणीचा झाला, तो अध्यक्षांनी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. आणि मग आमच्या सेक्टरमधून अशी वरात निघाली की पुढे सायकलशिवायचे अध्यक्ष काखेत थर्मास घेऊन, मागे पक्षाचे पर्यवेक्षक आणि साहूजी बाज घेऊन, त्यांच्या मागे नायडू, दासबाबू मोढा डोक्यावर घेऊन, वर्माबाई स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आणि 'टेंटवाले की गद्दी से कमर दुखती है' असं सांगत. आमच्या दारातही अध्यक्ष थांबले. मी स्वतः बरोबर होतो तरी त्यांनी माझ्याच बायकोला विचारलं, "बाई, एक खुर्ची द्याल का?" बायकोनं माझ्या सासऱ्यांची खुर्ची दिली, ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "हिच्यावर तुम्हीच बसाचं. आन् परत आणाची."

पेरूखाली रिंगण झालं. टेंटच्या खुर्च्या बाजूला तशाच ओळीत, भाड्यानं आणलेल्या पाहुण्यांसारख्या गप्प बसून होत्या. पर्यवेक्षक बाजेवरच बसले. घाम पुसत होते, पण ते टोक आपण आणलं आहे हे त्यांच्या बसण्यात दिसत होतं. आधी जगाचं झालं. मग नालीचं. नालीवर पर्यवेक्षक स्वतः बोलले, कारण बाज आणताना त्यांचा पाय तिच्यात गेला होता.

जाताना मात्र ते कोरडेपणानं म्हणाले, "देखिए, मुझे रिपोर्ट देनी है. आप समझते हैं. एक महीने में बता देंगे." आणि गेले.

टेंटवाला खुर्च्या न्यायला आला. कव्हरं तपासून म्हणाला, "भैया, एक भी नहीं बैठा क्या? धुलवाना ही नहीं पड़ेगा."

मी अध्यक्षांकडे गेलो. ते ओट्यावर चहा पीत उभे होते. चहा चांगला वाफाळलेला होता, आणि थर्मासातून ओतलेला होता.

"अध्यक्षजी, हा तं साहेबायचा..."

"राहून गेला," ते म्हणाले. "चांगला हाय. सकाळपर्यंत गरम राहाते म्हणते."

"फोन करून सांगू? दुर्गच्या ऑफिसात पोचवून देतो."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा दारामागे उभा आहे असं मला वाटलं. मी फोन केला नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चारच्या सुमाराला रायपूरची गाडी फाटकाशी थांबली. या वेळी रिंगण आधीच जमलेलं होतं, एकही रिबीन नव्हती. पर्यवेक्षक म्हणाले की ते इकडून सहज जात होते. रायपूरहून सहज जाताना आमचा ब्लॉक वाटेत लागत नाही, पण साहूजींनी सरकून जागा केली. "वो मेरा थर्मस," ते म्हणाले.

"है ना," अध्यक्ष म्हणाले. "बैठो. चाय उसी में है."

ते साहूजींच्या बाजेवर बसले. शाखा विलीन करण्याबद्दलचं पत्र कधी आलं नाही. थर्मासही त्या दिवशी परत गेला नाही. पेरूची पिशवी गेली, आणि पिशवी काकूंनी परत मागितली.

नंतर काकूंचा दुसरा गुडघा गेला. मुलानं नागपूरला फ्लॅट घेतला होता, लिफ्टचा. दोघांना घेऊन जातो म्हणाला, आणि या वेळी अध्यक्षांना नाही म्हणता आलं नाही. शेवटचा आठवडा ते वस्तू परत करत फिरत होते. तांब्या, कप, गाळणी, घड्याळ. या वेळी परत करताना ते दुसरं काही मागत नव्हते, आणि तेच लोकांना सहन होत नव्हतं. वर्माबाईंनी गाळणी घेतली आणि म्हणाल्या, "और कुछ नहीं चाहिए, अध्यक्षजी?" ते नाही म्हणाले. बाईंनी गाळणी हातात धरून दार बराच वेळ उघडं ठेवलं.

त्यांचं सामान नेणारा ट्रक सकाळी लवकर निघाला. मी पोचलो तोवर अंगणात फक्त पेरूचा पाला होता. घरी आलो तर बायको व्हरांड्यात उभी.

"सगळ्यायचं सगळं परत भेटलं," ती म्हणाली. "माह्या बाबाची खुर्ची?"

गेल्या रविवारच्या सभेपासून ती त्यांच्याकडेच होती. मी फोन लावला. ट्रकच्या आवाजातही ते ट्रकपेक्षा मोठ्यानं बोलत होते.

"अध्यक्षजी, आमची खुर्ची चुकून तुमच्या सामानात गेली वाटते."

"चुकून कावून? मी सोता बांधली."

"मंग?"

"मंग काय? घ्याले ये."

नागपूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा ते गॅलरीत उभे होते. खुर्ची शेजारी, रिकामी. काकूंनी चहा त्यांच्या स्वतःच्या कपात दिला, नवा कोरा सेट.

"इथले लोक कसे हाय?" मी विचारलं.

"दार वाजवलं तं आतून विचारते, कोणती डिलिव्हरी," अध्यक्ष म्हणाले. हळू म्हणाले. मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघडलं.

मी खुर्चीवर बसलो, आधी जगाचं बोललो, मग आमच्या नालीचं. निघताना खुर्ची उचलायला हात लावला, आणि त्यांनी काही म्हटलं नाही, म्हणून मीच म्हणालो की आज गाडीला गर्दी आहे, पुढच्या वेळी नेतो.

भिलाईत आता पहिल्या रविवारी सकाळी खुर्च्या मागायला मी फिरतो, आणि माझा आवाज पोचत नाही म्हणून कडी जास्त वेळा वाजवावी लागते. दुसरा रविवार नागपूरचा. दर वेळी बायको विचारते, "आणली?" दर वेळी माझ्याकडे कारण असतं: पाऊस होता, बांधलेला दोर सुटला, टीसी हटकतो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांच्या गॅलरीत एक ॲल्युमिनियमची शिडी उभी होती. तिच्यावर कोणीतरी रंगानं आपला फ्लॅट नंबर लिहिलेला होता, आणि तो त्यांचा नव्हता. काकूंनी चहा दिला तो एका जाड निळ्या मगात. बाकीचे कप पांढरे होते.

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. या वेळी निघताना तिनं माझ्या पिशवीत एक उशी कोंबली, तिनं स्वतः शिवलेली.

"त्या वेताले आता बारीक काड्या निघाल्या असन," ती म्हणाली. "टोचन त्यायले. खुर्चीसोबतच परत आणा म्हणा."

उशीही आता तिथंच आहे.